रांजण आणि रकाने

(हुतात्मा बाबू गेनू यांच्या स्मृतिदिनी, 12 डिसेंबर 2025 रोजी, घोडेगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना दोनदा विचारलं, "नंबर बरोबर लागलाय ना?" मी वक्ता नाही, लेखक नाही, पुढारी तर नाहीच. सगळी नोकरी कोषागारात गेली. बिलं तपासायची, नियमात बसलं तर पास करायचं, नाही बसलं तर लाल शाईनं आक्षेप लिहून परत पाठवायचं. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं की वाण्याच्या यादीवरसुद्धा मी आक्षेप लावतो. तेव्हा आज तासभर तुमच्या कानावर जे पडेल ते व्याख्यान कमी आणि आक्षेप जास्त, असं धरून चाला.

सुरुवात शेजारच्या जुन्नर तालुक्यातून करतो. नाणेघाट तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. घाटमाथ्यावर तो दगडी रांजण आहे. कोकणातून चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडायची, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिथून थोड्या अंतरावर लेणं आहे, आणि त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख. यज्ञांची नावं आहेत आणि प्रत्येक यज्ञात दक्षिणा किती दिली ते अंकांत कोरलंय. गाई इतक्या, घोडे इतके, हत्ती इतके, कार्षापण इतके. आपल्या देशातले अगदी जुने अंक जिथे पाहायला मिळतात त्या मोजक्या जागांपैकी ही एक. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबतची पोरं कड्यावर उभी राहून फोटो काढत होती आणि मी भिंतीला नाक लावून उभा. म्हटलं, अरे, हे तर आपल्याच खात्याचं काम! बाहेर रांजण, म्हणजे जमा. आत भिंत, म्हणजे खर्च. दोन हजार वर्षांपूर्वीचा अर्थसंकल्पच की.

कमी आहे ती एकच गोष्ट. पोच. गाई दिल्या असं देणाऱ्यानं कोरून ठेवलंय. मिळाल्या असं घेणाऱ्यानं कुठेच लिहिलेलं नाही. आमच्या खात्यात पोचेशिवाय बिल पास होत नाही, पण महाराणीला आक्षेप कोण लावणार?

आता आपल्या आंबेगावात येऊ. बाबू गेनू म्हाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणीत कामाला होते, आणि 1930 साली आजच्याच तारखेला परदेशी कापडाच्या लॉरीपुढे ते आडवे झाले, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचंच नाव आहे. त्या पाण्याखाली जुनं आंबेगाव आहे. तालुक्याला नाव त्या गावाचं, गाव पाण्यात, आणि कारभार घोडेगावातून! पाणी पूर्वेला जातं, कालव्यांनी, लांबवर. आवणी उरकली की आहुपे खोऱ्यातली, पाटण खोऱ्यातली माणसंही पूर्वेलाच जातात. कोणी मंचरच्या बाजूला कांद्याला, कोणी नारायणगावच्या बाजूला टोमॅटोला. पाण्यामागोमाग माणूस. धरणं बांधताना खोऱ्यातल्या लोकांना काय काय शब्द दिले गेले ते तुम्ही माझ्याहून जास्त ऐकलेत. ते मी उगाळत नाही. शब्द आणि पैसा यांच्या मधल्या वाटेवर माझी नोकरी झाली, म्हणून तेवढ्या वाटेबद्दल बोलतो.

मार्चमध्ये अर्थमंत्री भाषण करतात. एखादी कविता होते, बाकं वाजतात, रात्री टीव्हीवर चर्चा झडते. त्याच दिवशी सभागृहात मागण्यांच्या पुस्तिका ठेवल्या जातात, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आदिवासी उपयोजनेच्या एका मोठ्या मागणीला टी-5 म्हणतात. ती पुस्तिका उघडली की प्रत्येक पानावर चार रकाने दिसतात. पहिला, प्रत्यक्ष रकमा. दुसरा, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. तिसरा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज. चौथा, येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. भाषण होतं ते चौथ्या रकान्याचं. खरं काय खर्च झालं ते पहिल्यात, आणि पहिला रकाना दोन वर्षं जुना असतो. म्हणजे आज दिलेल्या शब्दाचं काय झालं हे छापून यायला दोन वर्षं लागतात. तोवर मंत्री बदललेला असतो, खातं बदललेलं असतं, कधीकधी पक्षही.

बरं, पहिल्या रकान्यातला आकडा म्हणजे तरी पैसा माणसाच्या हातात पडला, असं समजू नका. कोषागारातून निघाला एवढाच त्याचा अर्थ. मार्चअखेर पैसे काढायचे आणि स्वीय प्रपंजी लेखा नावाच्या खात्यात नेऊन ठेवायचे, हा आमच्याकडचा जुना रिवाज. या खिशातून काढून त्या खिशात. पुस्तिकेत तो खर्चच दिसतो. महालेखापरीक्षक आपल्या अहवालांतून यावर वर्षानुवर्षं ताशेरे मारत आलेत.

31 मार्चची रात्र सांगतो. सगळं ऑनलाइन व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हा मी एका उपकोषागारात होतो, गाव सांगत नाही. संध्याकाळपासून खिडकीपुढे गर्दी. प्रत्येक खात्याचा कारकून बगलेत बिलांचा गठ्ठा घेऊन उभा, कारण बारा वाजले की निधी व्यपगत. चहावाल्याची त्या एका रात्रीत महिन्याची कमाई व्हायची. साडेअकराला एक बिल माझ्या टेबलावर आलं. आश्रमशाळेच्या मुलांचे स्वेटर. मी कागद पाहिले. प्रशासकीय मान्यता होती, पुरवठ्याचा दाखला होता, साठा नोंदवहीचा पानक्रमांक होता, सह्या होत्या. बाहेर असा उकाडा की मी पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून कुलूप ठेवलं होतं. थंडी संपली, हा आक्षेप नियमावलीत बसत नाही. मी बिल पास केलं. त्या वर्षी ती योजना शंभर टक्के खर्च झालेली दाखवली गेली असणार, आणि खोटं त्यात काही नव्हतं. फक्त पोरांनी डिसेंबर कसा काढला याला रकाना नव्हता.

आता ते गठ्ठे गेले, बीम्स आलं. संगणकावर दिसतं, कुणाला किती निधी वितरित झाला. पण तिथेही तीन वेगळे शब्द आहेत, ते घरी जाताना लक्षात ठेवा: तरतूद, वितरण, खर्च. तरतूद विधानसभा करते. वितरण वित्त विभागाच्या मर्जीनं होतं, टप्प्याटप्प्यानं. तुम्ही प्रकल्प कार्यालयात जाता आणि साहेब म्हणतात, "तरतूद आहे हो, पण बीम्सवर आलेली नाही." ते थापा मारत नसतात. खरंच आलेली नसते.

मूळ गोम अशी की शब्द दिला जातो माणसाला आणि पैसा दिला जातो लेखाशीर्षाला. सभेत पुढारी म्हणतो, "ताई, तुला देईन." पुस्तिकेत ताई नसते. तिथे बावीस-पंचवीसनं सुरू होणारा आकडा असतो. त्या आकड्यापासून ताईपर्यंतच्या वाटेवर कुणीही हात घालू शकतो, आणि ताईला ते कळतही नाही.

याच दुखण्यावर महाराष्ट्रानं एकदा नीट उपाय शोधला होता. पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून आदिवासी उपयोजना आली, पण पैसा प्रत्येक खात्याकडेच राहायचा. मग खाती हिशेब कसा दाखवायची? रस्ता आदिवासी भागातून जातो ना, मग तो आदिवासींचा खर्च. 1992 च्या सुमारास द. म. सुकथनकर यांच्या समितीनं सांगितलं की उलट करा. आधी राज्याच्या योजनेतला आदिवासी लोकसंख्येइतका वाटा, म्हणजे साधारण 9 टक्के, बाजूला काढा, तो आदिवासी विकास विभागाच्या हाती द्या, आणि कुठल्या खात्याला किती द्यायचं ते त्या विभागाला ठरवू द्या. 1993-94 पासून राज्य त्या वाटेनं चाललं. दुसऱ्या राज्यांनी महाराष्ट्राची पद्धत म्हणून ती अभ्यासली. 2011 च्या जनगणनेत आपल्या राज्यात आदिवासी 9.35 टक्के आहेत, म्हणजे टक्का आजही तोच लागतो. आणि उपयोजनेचा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही, वर्ष संपलं म्हणून व्यपगत होऊ द्यायचा नाही, अशा नियोजन आयोगाच्या स्पष्ट सूचना होत्या. सूचना, बरं का. कायदा नव्हे. आमच्या खात्यात या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. महाराष्ट्रात याचा कायदा व्हावा ही मागणी जुनी आहे, ती अजून मागणीच आहे.

आता लाडकी बहीण. समोर बसलेल्या अर्ध्या बाया आता कान टवकारतील. आधीच सांगतो, या योजनेची टिंगल मी करणार नाही. महिन्याला 1500 रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात किराण्याची उधारी नाही त्यांना कळायचं नाही. गेल्या पावसाळ्यात मी घोडेगावहून आहुप्याच्या एसटीत बसलो होतो. शेजारी एक बाई, मांडीवर पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पासबुक. मला चष्मा पाहून म्हणाली, "बाबा, वाचून सांगा, किती पडलेत." मी म्हटलं, "पंधराशे." ती म्हणाली, "एकवीसशे नाय?" मी परत पाहिलं, जसं काही नीट पाहिलं तर वाढतील. "नाही, पंधराशेच." तिनं पासबुक परत गुंडाळलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. रागावली नाही. मला तिचं ते न रागावणं जास्त लागलं.

तिच्या एकवीसशेचा हिशेब आता माझ्याबरोबर करा, गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे काही लागत नाही. 28 जून 2024 रोजी अतिरिक्त अर्थसंकल्पात अजित पवार यांनी योजना जाहीर केली आणि वर्षाला 46,000 कोटी लागतील असं सांगितलं. एका बाईला वर्षाचे 18,000. भागाकार केला तर 2 कोटी 55 लाख बाया बसतात. नोव्हेंबरात निवडणूक झाली. महायुतीनं 2100 चा शब्द दिला, महाविकास आघाडीनं 3000 चा. दोघांपैकी कुणीही लेखाशीर्ष सांगितलं नाही, आणि सभेत ते विचारायचं असतं हे आपल्यालाही सुचलं नाही. मग 10 मार्च 2025 चा अर्थसंकल्प आला. सगळा मिळून 7 लाख 20 कोटींचा, महसुली तूट 45,891 कोटींची. लाडक्या बहिणीला 36,000 कोटी. परत भागा 18,000 नं. बरोबर 2 कोटी. त्या संध्याकाळी पेपरवाले विचारत होते, 2100 कधी? मी घरी पाटीवर भागाकार करून बसलो होतो आणि मला वेगळंच दिसत होतं. 2100 दिले असते तर 2 कोटी बायांनाच 50,400 कोटी लागले असते, ते तर सोडाच. 1500 सुद्धा ज्यांना मिळत होते त्या सगळ्यांना पुरणार नव्हते, कारण तेव्हा यादी 2 कोटींच्या बरीच वर होती. पुढे यादी कापली जाणार हे त्या एका आकड्यात लिहिलेलं होतं. झालंही तसंच. पडताळणी आली, सुमारे 26 लाख बायांचे हप्ते थांबले, सप्टेंबरपासून ई-केवायसी आली. त्यांत अपात्र होत्या, मान्य. सरकारी नोकरी असून पैसे घेणाऱ्याही निघाल्या. पण ज्या खोऱ्यात ओटीपी यायला टेकडीवर चढावं लागतं, तिथल्या बाईचं नाव गळलं तर ती अपात्र म्हणून गळली की रेंज नाही म्हणून, हे कोण सांगणार?

आणि आता आपल्या 9 टक्क्यांची गोष्ट. मे 2025 मध्ये लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच्याच सरकारवर जाहीर नाराजी व्यक्त केली, म्हणून तुम्हाला-मला कळलं. एरवी पुस्तिकेच्या कुठल्या तरी पानावर ते गुपचूप बसलं असतं. सरकारचं म्हणणं, या योजनेच्या लाभार्थींत आदिवासी आणि दलित बहिणी आहेतच, त्यांचाच पैसा त्यांना दिला, यात वळवलं काय? म्हणणं ऐकायला गोड आहे. पण 335 कोटी 70 लाखांना 1500 नं भागा. 22 लाख 38 हजार बायांचा एका महिन्याचा हप्ता. एका महिन्याचा! त्या पैशांतून आश्रमशाळेचं छत, वसतिगृहाची खोली, अंगणवाडीतलं अमृत आहाराचं जेवण यांतलं काय काय झालं असतं ते मी सांगत बसत नाही. माझा आक्षेप साधा आहे. ज्या बाईला 1500 द्यायचे, तिच्या पोराच्या वसतिगृहातून काढून द्यायचे, आणि दोन्हीकडे लाभार्थी म्हणून तिचंच नाव लिहायचं. नागनिकेच्या भिंतीवरही एकच गाय दोनदा कोरली असती तर कुणाला कळलं असतं?

कायदा झाला म्हणजे सगळं सुटतं असंही नाही. शेजारच्या कर्नाटकात 2013 सालीच या उपयोजनांचा कायदा झाला. तिथे सत्ता वेगळ्या पक्षाची, हमी योजना वेगळ्या नावांच्या. 2023-24 मध्ये उपयोजनांचे सुमारे 11 हजार कोटी त्या हमी योजनांकडे गेले, आणि युक्तिवाद तोच, की लाभ घेणारे दलित-आदिवासीच आहेत. तेव्हा कुणा एका पक्षाच्या नावानं बोटं मोडून आपलं भागणार नाही.

दिल्लीकडेही एक नजर टाकू, लवकर आटोपतो. अन्न सुरक्षा कायदा 2013 सालचा. त्यात गरोदर बाईला किमान 6000 रुपये द्यायचे असं लिहिलंय. 31 डिसेंबर 2016 च्या भाषणात पंतप्रधानांनीही 6000 चा आकडा सांगितला. योजना आली तेव्हा पहिल्या बाळाला 5000. दुसरी मुलगी झाली तर 6000 हे पुढे आलं. आणि म्हातारपणाची पेन्शन घ्या. संजय गांधी, श्रावणबाळ या योजनांत राज्यानं 600 चे 1000 केले, मग 2023 मध्ये 1500 केले. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनचा वाटा मात्र ऐंशी वर्षांखालच्या माणसाला 200 रुपये. 2007 पासून 200. इथे कुणी शब्द मोडला असं म्हणता येत नाही, आकडा तसाच आहे. नुसता न वाढवून कमी केलेला आकडा पहिल्या रकान्यात कधीच दिसत नाही, तिथे तो दरवर्षी पूर्ण खर्च झालेला असतो.

काही वेळा आकडाही तोच राहतो, खर्चही पूर्ण होतो, आणि तरी शब्द फसतो. खावटी आठवते? 2020 चं टाळेबंदीचं वर्ष. आपल्याकडे त्यात जूनच्या 3 तारखेला निसर्ग वादळ आलं, हिरड्याची झाडं झोडपून गेलं. बाळहिरडा हाच ज्यांचा वर्षाचा नगदी पैसा, त्यांना नुकसानभरपाई मागायला आंदोलनं करावी लागली, कारण हिरडा सातबाऱ्यावरच्या नेमक्या कुठल्या पिकात धरायचा हेच कागदांना ठरवता येईना. त्या पावसाळ्यात सरकारनं जाहीर केलं, खावटी अनुदान, कुटुंबाला 4000. त्यातले 2000 रोख आणि 2000 चा किराणा. 11 लाख 55 हजार कुटुंबं, 486 कोटी. निर्णय ऑगस्ट-सप्टेंबर 2020 चा. मटकी, चवळी, तूरडाळ, तेल, साखर, चहा, मीठ घरोघर पोचलं ते 2021 मध्ये. खावटी म्हणजे पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की पोट भरायला मिळणारी मदत. भूक एका पावसाळ्यातली, डाळ दुसऱ्यातली. पुस्तिकेला विचाराल तर ती म्हणेल, खर्च झाला की!

वसतिगृहाच्या पोरांनी हे आपल्या सर्वांच्या आधी ओळखलं. 2018 मध्ये सरकारनं ठरवलं की वसतिगृहांतली खानावळ बंद, जेवणाचे पैसे थेट खात्यात. कागदावर किती छान दिसतं! दलाल गेला, ठेकेदार गेला. पोरांचा प्रश्न वेगळा होता, पैसे महिन्याच्या महिन्याला आले नाहीत तर जेवायचं काय? जुलै 2018 मध्ये ती पुण्याहून नाशिकला चालत निघाली, भर पावसात, आपल्याच हायवेनं, आपल्याच मंचर-नारायणगावावरून. सिन्नरच्या अलीकडे नांदूर शिंगोट्याजवळ त्यांना पोलिसांनी अडवलं. ठेकेदाराचं वरण पातळ असतं, पण ते रोज असतं. खात्यातल्या पैशाला वेळ पाळायची सवय नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

एवढं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग कधी काही नीट झालंच नाही का? झालंय, आणि ते महाराष्ट्रातच झालंय. रोजगार हमी. वि. स. पागे यांनी कल्पना मांडली, 1972 च्या दुष्काळात ती वाढली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. पण माझ्यासारख्या कोषागारवाल्याला तिच्यातली सर्वांत देखणी गोष्ट कायद्याच्या आधीची वाटते. 1975 साली व्यवसाय कर लावला गेला. आमच्या पगारपत्रकात दर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500, कापले जात. सहकारी कुरकुरायचे. मी त्यांना म्हणायचो, बाबांनो, हा एकच कर असा आहे की तो कुठे जायचा ते आधी ठरलंय. कराची रक्कम हमीच्या निधीत, आणि तेवढीच रक्कम सरकारनं आपल्या पदरची घालायची. रांजण आणि भिंत एकमेकांना बांधून टाकली. शेजारच्या जुन्नरच्या लेण्यांतही हेच आहे, हो! तिथल्या काही लेखांत शेताचं उत्पन्न श्रेणीकडे ठेव म्हणून दिलंय, बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी. ठेव त्यांच्याकडे, आणि तिच्या उत्पन्नातून भिक्षूंचा खर्च. दान देणाऱ्यानं नुसता शब्द दिला नाही, उत्पन्नाचं ठिकाणही लिहिलं. अर्थात हमीच्या निधीतही पुढे खोड्या झाल्याच. कितीतरी वर्षं करातून जमलं जास्त आणि कामांवर खर्चलं कमी. उरलेला पैसा कागदावर हमीचा आणि प्रत्यक्षात राज्याच्या तिजोरीत मिसळलेला.

तरी त्या पैशाचं काय होऊ शकतं ते बघायला तुम्हाला लांब जावं लागत नाही. या खोऱ्यातली पडकई. उतारावर दगडी बांध घालून भाताचं खाचर करायचं, आणि त्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून राबायचं, ही तुमची जुनी रीत. 'शाश्वत' संस्थेच्या आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांनी तिला हमीच्या कामाशी जोडण्यासाठी पाठपुरावा केला, डिंभ्याच्या विस्थापितांना जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळावा म्हणून वर्षं घालवली. 2012 चा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला. आपल्याच शेतात बांध घालायचा आणि मजुरी सरकारनं द्यायची. बांधाला पोच लागत नाही, तो डोळ्यांना दिसतो. दुसरी बाजूही सांगतो. पुढे सपाटीकरणात यंत्रं शिरली, आणि माळीण गावावर दरड कोसळल्यानंतर उतारावरच्या या कामांबद्दल बरेच प्रश्न विचारले गेले. ते विचारायलाच हवे होते.

माळीणवर मला जास्त बोलवत नाही. 30 जुलै 2014, 151 माणसं. एवढंच नोंदवतो की शब्द आणि पैसा यांच्यातलं अंतर माझ्या पाहण्यात सगळ्यांत कमी तिथे झालं. मंत्री आले, शब्द दिले, निधी आला, आणि 2 एप्रिल 2017 ला नवं गाव उभं राहिलं. जून महिन्याच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथले रस्ते खचले, भराव सरकला, लोक पुन्हा भेदरले. पण निधी वेळेत आला होता. तो वेळेत येऊ शकतो, हे त्यावरून कळलं, आणि त्यासाठी काय घडावं लागतं हेही कळलं.

शेवटचा मुद्दा, मग तुम्हाला मोकळं करतो. आंबेगाव आणि जुन्नर, या दोन्ही तालुक्यांचे पश्चिमेकडचे आदिवासी पट्टे अनुसूचित क्षेत्रात आहेत. अशा क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे नियम राज्यानं 2014 मध्ये केले आणि 2015 पासून आदिवासी उपयोजनेतले 5 टक्के थेट ग्रामपंचायतींना, लोकसंख्येच्या प्रमाणात, जायला लागले. अबंध निधी. कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेनं ठरवायचं. माझ्या सगळ्या नोकरीत हा एकच पैसा मी असा पाहिला की ज्याचे चारही रकाने एकाच गावात असतात. किती येणार, किती आला, किती खर्चला, आणि ज्याच्यावर खर्चला ती विहीर, ती शाळेची भिंत, समोर. इथे आक्षेप लावायला कोषागारातला माणूस लागत नाही. पश्चिमेकडच्या एका गावच्या ग्रामसभेला मी मागे बसलो होतो. ग्रामसेवक भराभरा वाचत होता, "इतर किरकोळ बाब, एवढे एवढे." मागून एक म्हातारी म्हणाली, "किरकोळ म्हंजी कोण?" सगळे हसले. ग्रामसेवक नाही हसला. त्यानं वही बंद केली आणि बिलं आणायला ऑफिसात गेला. मी छत्तीस वर्षांत असा आक्षेप लिहिला नाही.

येत्या मार्चमध्ये नवी पुस्तिका येईल. तिच्या पहिल्या रकान्यात 2024-25 चे प्रत्यक्ष आकडे असतील, म्हणजे जून 2024 च्या त्या घोषणांचं काय झालं ते प्रथमच छापलेलं दिसेल. भाषण त्या दिवशी दुसऱ्याच कशाचं तरी असेल. 2025-26 चं, म्हणजे त्या 335 कोटींच्या वर्षाचं, मार्च 2027 ला दिसेल, तेवढं आयुष्य असेल तर तेही बघू. या वर्षीच्या टी-5 च्या काही पानांच्या झेरॉक्स मी करून आणल्यात, त्या मागच्या टेबलावर ठेवल्यात, पाण्याच्या जाराशेजारी. ज्यांना हवी त्यांनी न्या. टाइप बारीक आहे, चष्मा घरी विसरला असाल तर माझा घ्या, मला ती पानं आता पाठ झालीत.